डॉक्टर घरी गेल्यानंतर : उपनगरातील नर्सिंग होमच्या गुणवत्तेची कसोटी



अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांपैकी कोणत्याही उपनगरात स्टेशनवरून निघालेला मुख्य रस्ता धरला, तर थोड्याच अंतरात दोन-तीन नर्सिंग होमच्या पाट्या दिसतात. तळमजल्यावर औषधांचे दुकान, पहिल्या मजल्यावर दहा ते पंचवीस खाटा, एक ऑपरेशन थिएटर, एक लेबर रूम आणि त्याच्या वर राहती घरे, अशी ही रचना आपल्या परिचयाची आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील बाळंतपणे, अपेंडिक्सच्या आणि हर्नियाच्या शस्त्रक्रिया, डेंग्यूच्या आजारातले सलाईनचे दिवस अशाच ठिकाणी गेले आहेत. आज मी आपल्यापुढे एकच प्रश्न मांडणार आहे. अशा नर्सिंग होममध्ये मिळणारी शुश्रूषा चांगली की वाईट, हे आपण कशावरून ठरवावे? माझे उत्तरही आरंभीच सांगतो. ती पाटीवरच्या डॉक्टरांच्या नावावरून ठरत नाही आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरून तर नाहीच नाही. डॉक्टर राऊंड संपवून घरी गेल्यानंतर, विशेषतः रात्री, तिथे काय घडते यावरून ती ठरते. आणि जे घडते ते कागदावर येऊन नागरिकांसमोर मांडले गेले, तरच ती कुणालाही पारखता येईल.

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, बाळंतपणे वगळता देशात रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे ५५ टक्के खासगी रुग्णालयांत गेले आणि सुमारे ४२ टक्के सरकारी रुग्णालयांत. दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी ठिकाणी ४,४५२ रुपये होता, तर खासगी ठिकाणी ३१,८४५ रुपये. सातपट पैसे मोजणाऱ्या माणसाला आपण काय विकत घेतो आहोत हे कळायला नको काय? उपनगरांत राजावाडी, कूपर यांसारखी पालिकेची रुग्णालये आहेत, पण तिथली गर्दी पाहून मध्यमवर्गीयच नव्हे, तर चाळीत राहणारे कुटुंबही उसनेपासने करून जवळचे नर्सिंग होम गाठते. ते निवडताना विचारले जाते ते एवढेच : डॉक्टर कोण आहेत, हाताला गुण आहे का, डिपॉझिट किती, कॅशलेस चालते का. यातला एकही प्रश्न रात्री दोन वाजता रुग्णाजवळ कोण असेल याबद्दलचा नसतो.

वेळेचा हिशेब मांडून पाहा. छोट्या नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून येतात. एकच सर्जन दिवसात तीन-चार नर्सिंग होमना जातो. सकाळ-संध्याकाळचे दोन राऊंड धरले, तरी एका रुग्णाच्या वाट्याला तज्ज्ञाची दिवसातून काही मिनिटेच येतात. उरलेला सारा दिवस आणि सारी रात्र तो असतो सिस्टर, निवासी डॉक्टर (आरएमओ) आणि मावशी यांच्या हाती. बाळंतिणीला जास्त रक्तस्राव होऊ लागतो, शस्त्रक्रियेनंतर श्वास मंदावतो, मधुमेही रुग्णाची साखर एकदम उतरते, जंतुसंसर्ग रक्तात भिनू लागतो, ते बहुधा याच वेळात. या गोष्टी निष्णात डॉक्टरच्या रुग्णालाही होतात. मग चांगले आणि वाईट रुग्णालय यांत फरक कुठे पडतो? अमेरिकेत ८४ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची माहिती तपासून २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मृत्युदर असलेल्या रुग्णालयांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच होते : २४.६ आणि २६.९ टक्के. फरक होता तो गंभीर गुंतागुंत झाल्यानंतर किती जण दगावले यात. चांगल्या रुग्णालयांत असे १२.५ टक्के रुग्ण दगावले, वाईट रुग्णालयांत २१.४ टक्के. म्हणजे संकट दोन्हीकडे सारखेच येत होते. एका ठिकाणी ते वेळेवर ओळखले जात होते, दुसऱ्या ठिकाणी नाही. ते वेळेवर ओळखणारी व्यक्ती सहसा सर्जन नसते, खाटेजवळची परिचारिका असते.

परिचारिकांविषयीचा पुरावा याहूनही स्पष्ट आहे. संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवर सोपवलेल्या रुग्णांत एकाची भर पडली, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. पुढे २०१४ साली युरोपातील नऊ देशांच्या अभ्यासातून जवळजवळ हाच आकडा पुन्हा हाती आला. आता आपल्या उपनगरांकडे या. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेली जीएनएम किंवा एएनएम परिचारिका आणि तिथेच काम पाहत शिकलेली, सिस्टरचा गणवेश घातलेली मुलगी यांतला फरक रुग्णाच्या नातेवाइकाला ओळखता येत नाही आणि त्याला तो कुणी सांगतही नाही. या मुलींना मी दोष देत नाही; त्या कष्टाळू असतात आणि कितीदा तरी सलग दोन पाळ्या ओढतात. दोष आहे तो त्यांना पुरेसे शिक्षण, पगार आणि माणूसबळ न देता जबाबदारी टाकणाऱ्या व्यवस्थेचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली होती. ही रक्कम हाती पडते का, हा प्रश्न वेतनाचा तर आहेच, पण तो रुग्णाच्या सुरक्षिततेचाही आहे. चांगला पगार मिळाला की अनुभवी परिचारिका टिकते, आणि अनुभवी परिचारिकेलाच रुग्णाचा बदललेला चेहरा वाचता येतो.

रात्रीच्या डॉक्टरांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. अनेक ठिकाणी आरएमओ म्हणून होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाचे पदवीधर असतात. मुंबईतूनच आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला, की होमिओपॅथीची पात्रता असलेल्याने ॲलोपॅथीचे उपचार करणे हाच मुळात निष्काळजीपणा आहे. पुढे महाराष्ट्राने होमिओपॅथांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. त्या वादाचा निकाल इथे लावण्याचा माझा अधिकार नाही. पण रात्री ड्युटीवर कोण आहे, त्याची पात्रता काय आणि गंभीर प्रसंगी तो कुणाला बोलावतो, हे रुग्णाला कळलेच पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणाने रुग्णालयाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात मोठ्या शहरात किमान १५ खाटा, चोवीस तास पात्र परिचारिका, चोवीस तास पात्र डॉक्टर, सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि दररोजच्या नोंदी या अटी आहेत. चोवीस तासांची अट त्या व्याख्येतच आहे. आपण मात्र पारख करतो ती दिवसाउजेडी, ओपीडीच्या वेळेत.

आता कायदा काय पाहतो ते तपासू. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचा पायाभूत विचार ॲव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली मांडला. रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी ती तपासावी, असे त्यांचे सांगणे होते. जागा, खाटा, माणसे म्हणजे रचना. प्रत्यक्षात काय केले गेले ती प्रक्रिया. आणि रुग्णाचे पुढे काय झाले तो परिणाम. आपल्याकडचा मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९ चा. तो अनेक दशके जवळजवळ कागदावरच राहिला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, न्यायालयाने समिती नेमली, तेव्हा कुठे त्याच्या अंमलबजावणीची चर्चा सुरू झाली. संशोधक सुनील नंदराज यांनी मुंबईच्या पूर्वेकडील भागातील २४ खासगी रुग्णालये आणि नर्सिंग होमची पाहणी करून १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक ठिकाणे राहत्या इमारतींत होती, काही तर पत्र्याच्या शेडमध्ये. प्रशिक्षित परिचारिकांची वानवा होती. त्यानंतर नियमांत सुधारणा झाल्या. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही, पण जानेवारी २०२१ मध्ये राज्याने आपल्या नियमांत रुग्णहक्कांची सनद, दरांची माहिती आणि तक्रार निवारण यांचा समावेश केला. हे पाऊल मोलाचे आहे. तरीही पालिकेच्या वॉर्डातून होणारी तपासणी अजून प्रामुख्याने रचनेचीच असते : जागा किती, अग्निशमन दलाचा दाखला आहे का, जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था काय. प्रक्रिया आणि परिणाम यांच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते.

रचना महत्त्वाची नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. घाटकोपर पश्चिमेला २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावरच्या नर्सिंग होमच्या जागेत त्या वेळी फेरबदलांचे काम सुरू होते. राहत्या इमारतीत रुग्णालय चालवताना भिंत आणि खांब हाही शुश्रूषेचा भाग असतो, हे त्या दिवसाने दाखवून दिले. २०२१ सालच्या तीन आगीही आठवा. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके गेली. मार्चमध्ये भांडुपच्या मॉलमधले रुग्णालय पेटले, एप्रिलमध्ये विरारचा अतिदक्षता विभाग. या तिन्ही आगी रात्रीच्या होत्या. धूर पाहणारे माणूस जागेवर आहे का, त्याला दाराची किल्ली कुठे आहे ते ठाऊक आहे का, उठू न शकणाऱ्या रुग्णाला कोण उचलणार, या प्रश्नांची उत्तरे अग्निशमनाच्या दाखल्यावर नसतात. म्हणून रचनेची तपासणी करतानाही रात्रीच्या माणसांकडे येऊनच थांबावे लागते.

मग नेमके काय मोजावे? माझ्या मते पाच गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्रत्येक पाळीत नोंदणीकृत परिचारिका किती आणि रुग्ण किती. दुसरी, नाडी, श्वास, ताप, रक्तदाब आणि शुद्ध यांच्या नोंदी ठरलेल्या वेळी झाल्या का. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ पासून अशा नोंदींना गुण देऊन धोका ओळखण्याची पद्धत रूढ केली. तिला महागडे यंत्र लागत नाही, नेहमीची साधने आणि एक छापील तक्ता पुरतो. तिसरी, धोक्याचे चिन्ह दिसल्यापासून तज्ज्ञाला फोन किती मिनिटांत गेला आणि तो किती वेळात पोहोचला. चौथी, किती रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले, कोणत्या अवस्थेत, किती वाजता आणि सोबत कुणाला देऊन. ‘पेशंट शिफ्ट करा’ असे नातेवाइकांना सांगून शीव किंवा केईएम रुग्णालयात पाठवलेला रुग्ण तिथे दगावला, तर तो मृत्यू आज नर्सिंग होमच्या खात्यात दिसतच नाही. पाचवी, मृत्यू, जखमेत झालेला संसर्ग, पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया आणि अचानक पुन्हा दाखल व्हावे लागणे. रुग्णाचे मतही घ्यावे, पण ज्यात तोच खरा साक्षीदार आहे त्यापुरते : बेल वाजवल्यावर कुणी आले का, वेदना कमी केली का, आजार समजेल असा सांगितला का, पडदा ओढला का. शस्त्रक्रिया योग्य होती की नाही, याचा निवाडा त्याच्या समाधानावरून करता येणार नाही.

पहिला आक्षेप असा येईल, की इतका कागदी व्याप छोट्या नर्सिंग होमला झेपणार नाही. पण हीच नर्सिंग होम गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी फॉर्म एफ भरतात, प्रत्येक जन्म आणि मृत्यू पालिकेला कळवतात, मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देतात, क्षयरोग्याची नोंद करतात, कचऱ्याच्या पिशव्यांचा हिशेब ठेवतात. म्हणजे सवय आहे आणि निम्मी माहिती वॉर्ड कार्यालयात आधीच पोहोचलेली आहे. फक्त दाखल झालेल्यांच्या संख्येशेजारी मांडून ती कुणी वाचत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या संघटनेने ‘मान्यता’ उपक्रमात खासगी प्रसूतिगृहांसाठी अवघे १६ निकष ठरवले आणि छोट्या प्रसूतिगृहांनी ते पाळून दाखवले. शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्याने वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची यादी एका पानाची आहे. दिल्लीसह आठ शहरांत ती वापरल्यावर मृत्युदर १.५ वरून ०.८ टक्क्यावर आला, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. एका पानाचा खर्च कुणाला जड व्हावा? बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी तर शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या छोट्या खासगी रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रुग्णांचा परिणाम नोंदवला आणि १२३ चुका स्वतः छापून जाहीर केल्या. नोंद ठेवायला संगणक लागत नाही, हे कॉडमन यांनी दाखवून दिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आकडे जाहीर झाले, की डॉक्टर अवघड रुग्ण नाकारतील. आणि पंधरा खाटांच्या ठिकाणी वर्षाला एक-दोन मृत्यू झाले, तर त्यावरून काय ठरवणार? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच मृत्यूचा सुटा आकडा दर्शनी भागात टांगावा असे मी म्हणत नाही. सिझेरियनचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशात खासगी ठिकाणच्या ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या आणि सरकारी ठिकाणच्या १४.३ टक्के. पण एखाद्या प्रसूतिगृहाचा आकडा मोठा आहे म्हणून ते दोषी ठरत नाही. तिथे आधीच्या सिझेरियनच्या किंवा जोखमीच्या गर्भवती अधिक येत असतील. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या रॉब्सन वर्गीकरणाने बायकांचे गट पाडून तुलना केली, की चित्र न्याय्य होते. संख्या लहान असेल तर तीन वर्षांची एकत्र पाहावी. नोंदणीची मुदतही तीन वर्षांचीच असते, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी ही तपासणी सहज बसते. आणि प्रक्रियेचे आकडे, म्हणजे नोंदी झाल्या का, फोन गेला का, हे लहान संख्येतही बोलके असतात. रुग्ण अवघड होता म्हणून रात्रीची नोंद राहिली, असे कुणालाच म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप असा, की नियम कडक केले तर छोटी नर्सिंग होम बंद पडतील आणि सारे रुग्ण मोठ्या कंपन्यांच्या रुग्णालयांकडे ढकलले जातील. ही भीती मी मनापासून मानतो. घराजवळ, ओळखीच्या डॉक्टरांकडे, परवडेल अशा खर्चात मिळणारी सेवा उपनगरांनी गमावता कामा नये. पण नर्सिंग होमना जाच होतो तो प्रामुख्याने परवान्यांच्या हेलपाट्यांचा आणि जागेच्या अटींचा. नाडी मोजून लिहिण्याने कुणाचे दिवाळे निघालेले नाही. परिचारिकांचा खर्च मात्र खरा आहे आणि तो लपवून चालणार नाही. त्यासाठी विमा कंपन्या आणि सरकारी योजना यांनी रात्री पात्र परिचारिका असलेल्या छोट्या ठिकाणांना वाढीव दर द्यावा. शेजारच्या चार नर्सिंग होमनी मिळून रात्रीचा तज्ज्ञ ठेवावा. मोठ्या रुग्णालयांनाही हीच पाच मोजमापे लावावीत. तिथेही रात्री वॉर्डात सिस्टर किती असतात, हे कुणी विचारत नाही.

शेवटचा आक्षेप भीतीतून येतो. नोंदी उघड केल्या तर नातेवाईक तोडफोड करतील, ग्राहक न्यायालयात खेचतील. डॉक्टरांवरील हिंसा हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे आणि तो कठोरपणे वापरला पाहिजे. पण संताप उसळतो तो बहुधा काहीच न सांगितल्यामुळे. रात्री अकराला रुग्ण बोलत होता आणि पहाटे मृत्यूचा दाखला हाती आला, मधल्या तासांचा कागद मात्र कोरा, ही स्थिती संशयाला खतपाणी घालते. दर तासाची नोंद, केलेला फोन, आलेले डॉक्टर आणि दिलेले औषध केसपेपरवर असेल, तर प्रामाणिक डॉक्टरचा तोच सर्वांत भक्कम बचाव असतो. मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याच्या नोंदी द्याव्यात, असे वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतातच. न्यायालयातही हरतो तो मुख्यतः नोंद नसलेला डॉक्टर.

तेव्हा माझे मागणे तिघांपाशी आहे. पालिकेने के, आर, एन, एस आणि टी या उपनगरी वॉर्डांपासून सुरुवात करून नोंदणीच्या नूतनीकरणाला या पाच मोजमापांची जोड द्यावी, एक तरी तपासणी रात्री करावी आणि निष्कर्ष नागरिकांना मराठीत वाचायला मिळतील असे जाहीर करावेत. उपनगरांतील डॉक्टरांच्या संघटनांनी कायद्याची वाट न पाहता स्वतःहून ही नोंद सुरू करावी. त्यांच्यातल्या चांगल्यांचे चांगुलपण सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग नाही. आणि श्रोतेहो, आपण पुढच्या वेळी कुणाला दाखल कराल तेव्हा डिपॉझिट भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा : आज रात्री ड्युटीवर नोंदणीकृत सिस्टर किती आहेत, डॉक्टर कोण आहेत, त्रास वाढला तर कुणाला बोलावणार, आणि इथे जमले नाही तर कुठे आणि कसे नेणार. उत्तर मिळाले नाही तर रागावू नका, पण पुन्हा विचारा. पुरेसे लोक विचारू लागले, की उत्तरे तयार ठेवावीच लागतील.